डिंपलचा एकटा एक्स

डिंपल नारखेडेला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती प्रयोगशाळेतल्या स्टुलावर गुडघे टेकून बसली होती आणि मायक्रोस्कोपाला डोळा लावून एकटीच हसत होती. धुळ्याच्या आमच्या कॉलेजात एम.एस्सी. प्राणिशास्त्राचा तो पहिलाच आठवडा. मला वाटलं, कुणाची तरी धाकटी बहीण चुकून आत आली आहे. उंची जेमतेम साडेचार फूट, मान आखूड, खांदे रुंद, दोन घट्ट वेण्या. मी जवळ गेले तर मान वर न करताच म्हणाली, "ये, बघ. हिचे डोळे बघ. विटेसारखे लाल आहेत."

ही म्हणजे चिलट. केळी जास्त पिकली की त्यांच्याभोवती घोंगावतं तेच, तिळाच्या दाण्याएवढं. पुस्तकात त्याला ड्रोसोफिला म्हणतात. मी आयुष्यभर हातानं हाकललेली ती माशी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. सोन्यासारखं अंग, काचेसारखे पंख आणि खरोखरच विटेसारखे डोळे. "हाई काय शे!" असं माझ्या तोंडून निघून गेलं. डिंपलला हसू आवरेना.

मी दिपमाला, सोनगीरची. आमच्या घरी अहिराणी. डिंपल मुक्ताईनगरकडची, केळीवाल्या घरातली, तिकडची बोली वेगळी. मी 'आहे'ऐवजी 'शे' म्हटलं की ती हसायची, ती घरी फोनवर 'काय करू रायली' म्हणाली की मी हसायचे. आठवड्याभरात आम्ही हॉस्टेलला एका खोलीत राहायला गेलो आणि दोन वर्षं तिथंच राहिलो. मला नंतर पुष्कळ मैत्रिणी मिळाल्या, पण एखाद्या गोष्टीनं माणूस आतून कसा उजळून निघतो, ते मी डिंपलमध्येच पाहिलं.

आम्हाला आनुवंशिकी शिकवायला झुलाल बोरसे सर होते. बोलणं कमी, पण माश्यांच्या बाबतीत हळवे. बंगळूरहून मागवलेल्या माश्यांच्या बाटल्या त्यांनी कपाटात रांगेनं लावलेल्या असत. कुणाचे डोळे पांढरे, कुणाचे पंख आखूड, कुणाचं अंग काळं. या माश्यांचं खाणं आम्हीच शिजवायचो. रवा, गूळ, घट्ट होण्यासाठी अगरची पूड आणि थोडं यीस्ट. प्रयोगशाळेत शिऱ्यासारखा वास सुटायचा. एकदा ऑफिसातले कारकून वास घेत आले आणि आत कुणाचा वाढदिवस आहे का, असं विचारून गेले.

पहिल्या सत्राच्या शेवटी सरांनी आम्हाला एक नवी बाटली दिली. तिच्यातल्या माश्यांचे डोळे लाल नव्हते, पिकल्या जर्दाळूच्या रंगाचे होते. नर आणि माद्या वेगळ्या करून रंग लिहायचा, एवढंच काम. आम्ही सगळ्यांनी 'जर्दाळू' लिहिलं आणि वह्या मिटल्या. डिंपल मात्र एकदा नराकडे, एकदा मादीकडे असं करत बसली. मग तिनं हात वर केला.

"सर, या रंगाचं जनुक एक्स गुणसूत्रावर आहे ना?"

"हो."

"मादीला दोन एक्स. म्हणजे तिच्याकडे त्या जनुकाच्या दोन प्रती. नराला एक एक्स आणि एक वाय, म्हणजे एकच प्रत."

"बरोबर."

"मग नराचा रंग निम्मा पाहिजे, सर. दोघांचे डोळे तर सारखेच आहेत."

सर खिडकीशी उभे होते. ते येऊन डिंपलच्या मायक्रोस्कोपात स्वतः बघून गेले, जणू त्यांनाच पहिल्यांदा दिसत होतं. मग म्हणाले, "हा प्रश्न आधी एकाला पडला होता, जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी. याच माशीचा असाच डोळा बघून. बसा सगळे."

त्या दिवशी तास सुटायची वेळ होऊन गेली तरी कुणी उठलं नाही. सरांनी सांगितलं, की एक्सवर हजारो जनुकं असतात आणि ती नुसती डोळ्यांची नसतात, पेशीच्या रोजच्या कामाची असतात. एकात दुप्पट आणि एकात निम्मं असं चालत नाही, सगळा हिशेब कोसळतो. म्हणून माशीत नराचा एकटा एक्स दुप्पट काम करतो. नराच्या पेशीत काही प्रथिनं आणि आरएनएचे दोन धागे मिळून एक यंत्र बनतं. ते यंत्र फक्त एक्सवर जाऊन बसतं, बाकीच्या गुणसूत्रांना हात लावत नाही. एक्सची घट्ट गुंडाळी ते सैल करतं आणि मग त्यावरची जनुकं दुपटीनं वाचली जातात. मादीत हे यंत्र बनूच दिलं जात नाही, नाहीतर तिच्यात चौपट होईल.

"आणि हे यंत्र बिघडलं तर?" डिंपलनं विचारलं.

"तर माद्या मजेत जगतात. नर अळीतच मरतात. एकही बाहेर येत नाही."

"नराला वायमुळे कळतं का, की आपण नर आहोत?"

"माशीत वायला तेवढी किंमत नाही. पेशी सुरुवातीलाच एक्स मोजते. दोन असले तर मादी, एक असला तर नर. वाय नसेल तरी नरच, फक्त त्याला पिल्लं होत नाहीत."

डिंपलचं पेन थांबलं. "आणि माणसात, सर?"

"माणसात वेगळी तऱ्हा. तिथं बाईच्या प्रत्येक पेशीत दोन एक्सपैकी एक झोपवून टाकतात. जागा राहतो एकच."

डिंपलनं वहीत त्या वाक्याखाली रेघ ओढली. इतकी दाबून, की सरांनीही तिच्याकडे पाहिलं.

संध्याकाळी आम्ही हॉस्टेलच्या गच्चीवर वाळलेले कपडे काढत होतो. तिनं हातातली ओढणी घडी न घालताच खांद्यावर टाकली आणि म्हणाली, "दिपमाला, मला एकच एक्स आहे."

मला आधी ती थट्टा करते आहे असं वाटलं.

मग तिनं सगळं सांगितलं. दहावीत गेली तरी तिची उंची वाढेना आणि पाळीही येईना. आई, बेबाबाई, मुक्ताईला नवस बोलून आली. मावशा म्हणाल्या, उशिरा येते एखादीला. शेवटी वडील, पितांबरभाऊ, तिला जळगावला एका डॉक्टरबाईंकडे घेऊन गेले. रक्त पुण्याला गेलं. डॉक्टरबाईंनी समजावून सांगितलं, की हिच्या पेशींत एक एक्स नाही, याला टर्नर सिंड्रोम म्हणतात, गोळ्या सुरू करू, हृदयाची तपासणी अधूनमधून करू, बाकी मुलगी हुशार आहे, शिकू द्या. उंची वाढवण्याची इंजेक्शनं लहानपणीच सुरू करायची असतात, ती वेळ निघून गेली होती. एवढ्या सगळ्या बोलण्यातला वडिलांनी एकच शब्द लक्षात ठेवला. कमी. आमच्या पोरीत काहीतरी कमी आहे. त्यानंतर घरात तो विषय कुणी काढला नाही. कुणी स्थळ आणलं तर पितांबरभाऊ म्हणायचे, "शिकू रायली अजून."

"म्हणजे बघ," डिंपल म्हणाली. तिचे डोळे भरलेले असतील असं मला वाटलं होतं, पण ते चमकत होते. "मी माशी असते तर नर झाले असते. पंख आखूड, पायाला कंगवा."

नर माशीच्या पुढच्या पायावर काळ्या केसांचा बारीक कंगवा असतो, ती खूण आम्ही तेव्हाच शिकलो होतो. मी हसले, आणि मग हसावं की नाही ते कळेना.

"हस ना," ती म्हणाली. "तुला कळतंय का मी काय सांगतेय? तुझ्याकडे दोन आहेत, पण त्यातला एक झोपलेला. काम करणारा एकच. माझ्याकडेही काम करणारा एकच. इतकी वर्षं मी समजत होते, माझी निम्मी फॅक्टरी बंद आहे."

दुसऱ्या दिवशी ती सरांच्या खोलीत गेली आणि दार लोटून बराच वेळ बोलली. बाहेर आली तेव्हा थोडी शांत होती. सरांनी तिला खोटा दिलासा दिला नव्हता. झोपलेल्या एक्सवरची काही जनुकं जागीच असतात, असं त्यांनी सांगितलं. त्यांची दोन माणसांची मजुरी एकाला जमत नाही, म्हणून उंची, म्हणून बाकीचं. आणि असे बहुतेक गर्भ जन्मालाच येत नाहीत, हेही सांगितलं. हे शेवटचं वाक्य डिंपलनं मला सांगितलं ते एखादं बक्षीस मिळाल्यासारखं. "बहुतेक येत नाहीत. मी आले."

त्यानंतर ती माश्यांच्या मागे लागली. वाचनालयात, जेवताना, बसस्टॉपवर, तोच विषय. जंतांमध्ये आणखी तिसरीच रीत, तिथं दोन एक्सवाले दोन्ही निम्मे मंद करतात, हे तिनं मला देवपूरच्या भाजीबाजारात वांगी निवडताना सांगितलं. "एकच अडचण, आणि तिघांनी तीन वाटा काढल्या. तुला कमाल वाटत नाही?" भाजीवाली आजी आम्हा दोघींकडे बघत राहिली. मला खरं म्हणजे कमाल डिंपलचीच वाटत होती.

दुसऱ्या वर्षी प्रकल्पासाठी तिनं पांढऱ्या डोळ्यांच्या माद्या आणि लाल डोळ्यांचे नर एकत्र ठेवले. त्यांच्या पिल्लांत मुली लाल डोळ्यांच्या निघतात, कारण बापाकडून त्यांना लाल रंगाचा एक्स मिळतो. मुलगे पांढऱ्या डोळ्यांचे, कारण त्यांचा एकटा एक्स आईकडचा. रोज सकाळी बाटलीतल्या माश्यांना इथरचा वास देऊन बेशुद्ध करायचं, पांढऱ्या टाइलवर ओतायचं आणि ब्रशनं लाल एकीकडे, पांढरे दुसरीकडे करायचे. गहू निवडल्यासारखं काम. मला दहा मिनिटांत कंटाळा यायचा.

फेब्रुवारीतली सकाळ होती. मी शेजारच्या टेबलावर झुरळाची स्लाइड करत होते. डिंपलचा ब्रश थांबला. ती म्हणाली, "दिपमाला." तिचा आवाज इतका हलका होता, की मी हातातलं तसंच टाकून गेले.

"तू सांग मला काय दिसतंय ते. मी काही सांगणार नाही."

मी डोळा लावला. एक माशी पाठीवर पडली होती. तिचा डावा डोळा लाल होता. ब्रशनं डिंपलनं तिला हळूच वळवलं. उजवा डोळा पांढरा होता.

"माले दखू दे नीट," मी म्हणाले, नीट दिसत असूनही. उजव्या पुढच्या पायावर कंगवा होता, डाव्यावर नव्हता. उजवा पंख किंचित आखूड. पोटाचं टोक एका बाजूनं काळं, दुसऱ्या बाजूनं पट्ट्यापट्ट्यांचं. जणू अर्धी मादी आणि अर्धा नर मधोमध जोडून कुणी एक माशी केली होती.

"हा रोग आहे का?"

"नाही गं." डिंपलनं ब्रश खाली ठेवला. "ही मुलगीच होती. दोन एक्स होते. पहिल्यांदा पेशी दुभंगली तेव्हा एका बाजूकडून बापाचा एक्स हरवला. ती बाजू एकाच एक्सवर वाढली आणि नर झाली. पुस्तकात चित्र आहे. हजारो माश्यांत एखादी."

मी धावत जाऊन सरांना बोलावलं. सर आले, त्यांच्या पाठोपाठ पहिल्या वर्षाची मुलं आली, मग शेजारच्या वनस्पतिशास्त्राच्या मॅडम आल्या. प्रत्येकाला बघायचं होतं. माशी हलायला लागली की कुणीतरी म्हणायचं, थोडं इथर द्या, मला एकदाच. डिंपल मागे उभी राहून सगळ्यांना समजावत होती. आनंदानं तिचा चेहरा फुलला होता आणि तिच्याही लक्षात आलं नाही, की किती वेळ गेला.

मग सर एकदम म्हणाले, "पंख बघ."

चिलटाला इथर जास्त झालं की त्याचे पंख अंगापासून वर उचलले जातात. ते पूर्ण उभे राहिले की माशी संपली. हिचे पंख उचलायला लागले होते.

डिंपलनं सगळ्यांना बाजूला सारलं. तिनं ब्रशच्या टोकानं माशी उचलून कागदाच्या छोट्या नळीत ठेवली, नळी काचेच्या बाटलीत सरकवली आणि बाटली आडवी केली, म्हणजे माशी खाली खाण्यात चिकटून बुडणार नाही. खिडकी उघडली, पंखा बंद केला. मग बाटलीपाशी हनुवटी टेकवून बसली. पहिल्या वर्षाची मुलं निघून गेली. सर दाराशी उभे होते आणि त्यांनी हातातल्या खडूचे तुकडे करून टाकले होते.

"आपणच मारली," डिंपल म्हणाली.

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. बराच वेळ काही झालं नाही. मग माशीचा मागचा एक पाय ओढल्यासारखा झाला. मग दुसरा. माशी कुशीवर वळली, पडली, पुन्हा वळली आणि उभी राहिली. पुढचे दोन्ही पाय एकमेकांवर घासून तिनं आपले डोळे पुसायला सुरुवात केली. आधी लाल, मग पांढरा.

डिंपल टेबलावर डोकं टेकवून रडली. मग उठून तोंड धुतलं आणि म्हणाली, "आता हिला इथर नाही. कुणालाही दाखवायची असली तरी नाही."

विज्ञान दिन जवळ आला होता. दर वर्षी त्या दिवशी कॉलेज सगळ्यांना खुलं असतं, आजूबाजूच्या शाळांची मुलं येतात, पालक येतात. सरांनी डिंपलला मध्यभागी टेबल दिलं. तिनं समोरच्या रसवंतीतून बर्फ आणला. माशीची बाटली बर्फावर ठेवली, की थंडीनं ती गारठून स्वस्थ पडते, इजा होत नाही. कॅमेरा मायक्रोस्कोपला जोडला आणि पडद्यावर ती अर्धी लाल अर्धी पांढरी नजर बैलगाडीच्या चाकाएवढी झाली. मुलांची रांग लागली.

पितांबरभाऊ आणि बेबाबाईही आले होते. पितांबरभाऊंना मी पहिल्यांदाच बघत होते. उंच, काटक, पांढरी टोपी, बोलायला संकोची. माश्यांना पिकली केळी लागतात म्हणून ते मुक्ताईनगरहून बसनं एक पोतं भरून घेऊन आले होते. "चिलटासाठी केळं आनू रायलो," ते मला म्हणाले. "गावात सांगतलं तं लोक हसतीन." बेबाबाई लेकीच्या टेबलाजवळ खुर्चीत बसून सगळ्या मुलांना रांगेत उभं राहायला सांगत होत्या.

दुपारी नूतनबाई नावाच्या विज्ञानाच्या शिक्षिका आठवीच्या मुली घेऊन आल्या. डिंपलनं त्यांना सांगितलं, की या माशीच्या डाव्या अंगात प्रत्येक पेशीत दोन एक्स आहेत आणि ते साधं काम करतात. उजव्या अंगात एकच आहे आणि तो दुप्पट काम करतो. म्हणून दोन्ही अंगं एकमेकांना जोडून नीट जगतायत. कुणी वरून हुकूम देत नाही. प्रत्येक पेशीनं आपले एक्स मोजले आणि आपलं काम ठरवलं. मुली आ वासून ऐकत होत्या.

नूतनबाईंनी विचारलं, "माणसात असा एक्स हरवला तर मुलगा होतो का?"

"नाही, बाई," डिंपल म्हणाली. "माणसात मुलगीच होते. थोडी बुटकी राहते. तिला काही औषधं लागतात, तपासण्या लागतात. बाकी ती शाळेत जाते, कॉलेजात जाते." तिनं बाटलीखालचा बर्फ सारखा केला. मी बेबाबाईंकडे पाहिलं. "आणि विज्ञान दिनाला टेबल लावते. मी तशीच आहे. मला एकच एक्स आहे."

मुली पडदा सोडून तिच्याकडे बघायला लागल्या. त्यांतली एक म्हणाली, "मग तुमचा पण दुप्पट काम करतो?"

"नाही. तुझे दोन आहेत ना, त्यातला एक झोपलेला असतो. माझा एकटा आहे म्हणून त्याला झोपायला परवानगी नाही."

मुली हसल्या. डिंपलही हसली आणि पुढची तुकडी आत आली. एवढंच. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत की काही नाही.

पितांबरभाऊ मात्र तिथं नव्हते. मी त्यांना शोधत व्हरांड्यात गेले. ते पाण्याच्या टाकीजवळ उभे होते, हातात भरलेला पेला तसाच.

"भाऊ, बरं वाटत नाही का?"

"एवढ्या लोकांत बोलली ती," ते म्हणाले. "मी इतके वर्सं कोनाले सांगतलं नही. भावाले नही. मले वाटे, सांगतलं तं पोरीले तरास होईन." त्यांनी पाणी पिऊन पेला पालथा ठेवला. "आन् ती तं हसू रायली होती."

ते टोपी नीट करून परत आत आले आणि शाळेच्या मुलांमागे रांगेत उभे राहिले. त्यांचा नंबर आला तेव्हा पडद्याकडे न बघता त्यांनी मायक्रोस्कोपालाच डोळा लावला आणि बराच वेळ काढला नाही.

"डिंपल," ते म्हणाले, "ह्या अंगात एकच मोटर, त्या अंगात दोन. आन् पानी दोन्हीकडे सारखंच?"

"हो, आबा."

"मंग एकटी मोटर तापत नही का?"

बोरसे सर मागेच होते. ते मोठ्यानं हसले आणि पितांबरभाऊंना हाताला धरून आपल्या खोलीत चहाला घेऊन गेले. जाताना म्हणत होते, "भाऊ, याचं उत्तर मला नीट येत नाही, पण चला, बसू."

संध्याकाळी निघताना बेबाबाईंनी लेकीच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हिले रात्री दूध देत जाय व. बोलून बोलून गळा बसला तिचा."

दोनेक आठवड्यांनी नूतनबाईंचा फोन आला. त्यांच्या वर्गातली एक मुलगी वयाच्या मानानं फारच लहान दिसायची आणि डिंपलचं ऐकून त्यांना काळजी वाटत होती. डिंपल स्वतः त्या मुलीला आणि तिच्या आईला घेऊन जळगावला आपल्या डॉक्टरबाईंकडे गेली. तपासणीत निघालं वेगळंच. मुलीचं थायरॉईड कमी पडत होतं, एक्स दोन्ही जागेवर होते. रोज एक गोळी सुरू झाली आणि वर्षभरात ती मुलगी बाकावरच्या मैत्रिणीच्या खांद्याला लागली. डिंपलनं मला हे सांगितलं तेव्हा मी म्हणाले, "म्हणजे अंदाज चुकला." ती म्हणाली, "असाच चुकायला पाहिजे."

ती माशी मार्चच्या शेवटी मेली. तोवर धुळ्यात ऊन तापलं होतं आणि आम्ही तिची बाटली ओल्या वाळूच्या घमेल्यात ठेवत होतो. उडायची ती शेवटपर्यंत, फक्त एका बाजूला कलून. डिंपलनं तिला अल्कोहोलमध्ये ठेवली आणि प्रकल्पाच्या परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी तिच्याबद्दल इतके प्रश्न विचारले, की बाकीच्यांची तोंडी परीक्षा उरकती घ्यावी लागली. आम्ही सगळ्यांनी डिंपलचे आभार मानले.

आता मी धुळ्यात शाळेत शिकवते. डिंपल भडगावला कॉलेजात शिकवते आणि पीएच.डी.ही करते आहे, विषय अर्थातच तोच. मुक्ताईनगर, रावेर, यावलकडच्या केळीच्या बागांत फिरून ती जंगली चिलटं पकडते. पितांबरभाऊ तिच्याबरोबर बागेत हिंडतात आणि तिच्या बाटल्यांची तोंडं कापसानं बंद करतात. लग्नाचं कुणी विचारलं, तर आता ती स्वतःच सांगते, जे आहे ते, आधीच. दोन जण ऐकून निघून गेले. तिसऱ्याशी बोलणं चालू आहे, तो वरणगावचा आहे आणि त्यानं पहिल्या भेटीत माश्यांबद्दल विचारलं, असं ती सांगत होती.

मागच्या महिन्यात मी तिच्या कॉलेजात गेले होते. गिरणेच्या बाजूनं वारा येत होता आणि प्रयोगशाळेत तोच शिऱ्याचा वास. ती टेबलाशी बसून एका अळीच्या लाळग्रंथी सुईनं बाहेर काढत होती. केसाएवढ्या दोन पारदर्शक पिशव्या. त्यांच्यावर रंगाचा थेंब टाकला, काच ठेवली, वर टिपकागद ठेवला आणि अंगठ्यानं दाबलं. या ग्रंथींतली गुणसूत्रं इतकी जाड असतात, की साध्या मायक्रोस्कोपात पट्ट्यांसकट दिसतात. कॉलेजात आम्हाला ती कधी नीट जमली नव्हती. प्रत्येक वेळी काच फुटायची.

"बस," ती म्हणाली. "आणि काही विचारू नकोस. आधी बघ."

जांभळ्या पट्ट्यांच्या दोऱ्या पसरल्या होत्या. तिनं स्लाइड केसभर सरकवली.

"ही नर अळी आहे. बाकीच्या सगळ्या दोऱ्या दुहेरी आहेत, दोन-दोन गुणसूत्रं एकमेकांना चिकटलेली. आता कडेची बघ. ती फिकट. ती एक्स. एकेरी आहे. निम्मी बारीक असायला हवी की नाही?"

मी बघितलं. ती दोरी फिकट होती, सैल होती, पिंजलेल्या कापसासारखी फुललेली. पण बारीक नव्हती. रुंदीला जवळजवळ शेजारच्या जोडीएवढीच.

"दिसली?"

"दिसली."

"हे ते यंत्र बसलेलं आहे तिच्यावर. तेव्हा सरांनी फळ्यावर काढलं होतं ते. मी इतकी वर्षं त्याबद्दल बोलतेय, आणि आपल्या मुक्ताईनगरच्या माशीत स्वतःच्या अंगठ्यानं दाबून पाहिलं ते आज सकाळी." तिनं मला बाजूला सरकवून पुन्हा स्वतः बघितलं, मग पुन्हा मला बसवलं. "आणि ऐक, काही जातींत या एक्सला दुसरं एक गुणसूत्र येऊन जोडलं गेलंय. जुनं साधं गुणसूत्र. आणि एक्सला चिकटल्यावर तेही नरात दुप्पट काम करायला शिकलंय. मला ती जात पाहिजे. सरांना सांगितलं, ते म्हणाले, मागव."

तास सुरू व्हायची वेळ झाली होती. दारात मुलं जमली होती. डिंपलनं पर्समधून लाल नेलपॉलिश काढलं, स्लाइड सुकू नये म्हणून काचेच्या चारही कडांना ते लावलं, फुंकर घातली आणि मुलांना आत यायला सांगितलं.